गुडघ्यातली गादी आणि 40 हजारांचा अर्ज



मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका मावशींनी 40 हजारांच्या कर्जाचा अर्ज ठेवला. कारण लिहिलं होतं, ‘गुडघ्याचं इंजेक्शन’. एका शिबिरात त्यांना सांगितलं होतं की जेलचं इंजेक्शन घेतलं की झिजलेली गादी नवीन उगवते. मावशी 58 वर्षांच्या. भातलावणी, खुरपणी, पाणी भरणं, सगळं त्याच गुडघ्यांवर. नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर येत होतं, पण हो म्हणतानाही हात थांबला. ठराव आठवडाभर पुढे ढकलला आणि मी माहिती काढायला लागले.

मटणाच्या नळीच्या टोकाला पांढरा, चकचकीत, कुरकुरीत थर असतो ना? तसाच आपल्या सांध्यात असतो. त्याला कूर्चा म्हणतात. बोट कापलं तर रक्त येतं, खपली धरते, जखम भरते. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून ती एकदा गेली की आपोआप नीट भरून येत नाही.

जेलची गोष्ट मात्र थाप नाही बरं का. सब्जा भिजवला की प्रत्येक दाण्याभोवती पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत थर येतो. तसंच पाणी धरणारे पदार्थ शास्त्रज्ञ वापरतात. कुठला समुद्री शेवाळापासून, कुठला कोळंबीच्या टरफलांपासून काढलेला. सुईतून जाताना पातळ, आणि आत गेल्यावर शरीराच्या उबेनं किंवा प्रकाशानं खरवसासारखा घट्ट होणारा. त्याच्या आधारानं पेशींनी नवी कूर्चा तयार करावी, ही कल्पना.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी असं जेल माणसांत वापरून 2013 मध्ये निष्कर्ष छापले. 15 रुग्णांना जेल दिलं, 3 जणांना दिलं नाही. कूर्चेतला खड्डा साफ करायचा, खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडायची, वर जेल भरून प्रकाशानं घट्ट करायचं. सहा महिन्यांनी जेलवाल्यांचे खड्डे जास्त भरलेले दिसले. पण बघा, हे ऑपरेशनच होतं, नुसती सुई नव्हे. माणसंही मोजकीच. आणि खड्डा एका जागचा. भिंतीला भोक पडलं तर लिंपता येतं. सगळ्या भिंतीचाच गिलावा गेला असेल तर काय लिंपणार? वयानं आणि कष्टानं झिजलेला गुडघा हा दुसऱ्या प्रकारचा. तिथे नवी गादी उगवून देणारं इंजेक्शन अजून तरी नाही.

मग दवाखान्यात देतात ते जेल कुठलं? ते बहुतेक वेळा हायलुरॉनिक ॲसिड. आपल्या सांध्यातल्या वंगणात ते मुळातच असतं. त्यानं काहींना काही महिने आराम पडतो, काहींना पडत नाही. गादी मात्र त्यानं उगवत नाही.

मावशींना घेऊन मी सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे बघून ते म्हणाले, दोन्ही गुडघ्यांत सगळीकडे झीज आहे. शिबिरातला कागद दाखवला. त्यावर औषधाचं नावच नव्हतं! मावशी चिडल्या. “म्हणजे माझ्या गुडघ्याला काहीच नाही का?” डॉक्टरांनी त्यांना तिथेच पलंगावर बसवलं. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्यानं दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन थोडं उतरवा म्हणाले, उकिडवं बसणं टाळा म्हणाले. फारच वाढलं तर सांधा बदलायची शस्त्रक्रिया आहे, पण ती आज नको.

उकिडवं बसणं टाळा, हे ऐकून मावशी हसल्याच. संडासात काय करू, म्हणाल्या.

पुढच्या बैठकीत त्यांनी अर्ज मागे घेतला नाही, रक्कम बदलली. 40 हजार खोडून 6 हजार. कारण, ‘कमोड बसवणे’. ठराव एकमतानं झाला.