मुलाखतीतील अपयश आणि त्यानंतर



नोकरीच्या मुलाखतीस निघालेला ग्रामीण तरुण एकटा जात नाही. त्याच्या प्रवासखर्चात आईने दुधाच्या पैशांतून बाजूला ठेवलेली रक्कम असते, नव्या सदऱ्यात वडिलांच्या हंगामाच्या हिशेबातील वाटा असतो आणि पाठीशी गुरुजींचा आशीर्वाद असतो. परतताना मात्र तो एकटा असतो. निवडयादीत नाव नाही हे कळल्यावर त्याला पहिली भीती वाटते ती गावाच्या वेशीत भेटणाऱ्या माणसांची. ‘काय रे, झालं का काम?’ हा साधा प्रश्नही त्या दिवशी त्याला जिव्हारी लागतो. या तरुणाने अपयश कसे पचवावे, त्यातून काय शिकावे आणि त्याच्या भोवतालच्या जाणत्या माणसांनी त्याला कसा हात द्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आकडे काय सांगतात?

प्रथम एक साधे गणित ध्यानात घेतले पाहिजे. जागा एक आणि उमेदवार पाच असतील, तर चौघांना परत यावेच लागते. मग ते पाचही जण त्या कामास लायक का असेनात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम गुणवत्तेसाठी लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५, असे एकूण २०२५ गुण धरले जातात. मुलाखतीस रिक्त जागांच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून काहीशा अधिक उमेदवारांना बोलावले जाते. म्हणजेच लाखोंच्या स्पर्धेतून पार होऊन मुलाखतीच्या दारापर्यंत पोहोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पदरी त्या वर्षी निराशा येणार, हे आधीच ठरलेले असते. अशा उमेदवाराला ‘नापास’ म्हणणे हे वस्तुस्थितीला धरून नाही. तो निवडला गेला नाही, इतकेच खरे.

डेहराडूनचा नववा उमेदवार

या बाबतीत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जीवनातील प्रसंग बोलका आहे. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून वैमानिकी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाला १९५८च्या सुमारास दोन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले. एक होते दिल्लीतील संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक विकास व उत्पादन संचालनालयाचे, तर दुसरे भारतीय हवाई दलाचे. विमान चालविण्याचे स्वप्न त्यांनी लहानपणापासून जपले होते. डेहराडून येथील निवड मंडळापुढे त्या वेळी पंचवीस उमेदवार होते आणि आठ जणांची निवड व्हावयाची होती. कलाम यांचा क्रमांक नववा लागला.

एका क्रमांकाने हुकलेली ही संधी त्यांच्या मनाला किती लागली, हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. ते हृषीकेशला गेले, तेथे स्वामी शिवानंदांना भेटले, मन शांत केले आणि दिल्लीस परतून पहिल्या मुलाखतीच्या निकालाची चौकशी केली. तेथे त्यांची निवड झाली होती. दरमहा २५० रुपये मूळ वेतनावर ते वरिष्ठ वैज्ञानिक साहाय्यक म्हणून रुजू झाले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

या हकिकतीचा अर्थ ‘प्रत्येक अपयशामागे मोठे यश दडलेले असते’ असा काढणे भाबडेपणाचे होईल. तसे दर वेळी घडतेच असे नाही. त्यातून घेण्याजोग्या गोष्टी दोन. दुःख झाले हे त्यांनी नाकारले नाही. आणि दुःख ओसरताच जे दार अद्याप उघडे होते, त्याची चौकशी त्यांनी स्वतः जाऊन केली.

मुलाखतीच्या मर्यादा

मुलाखत हे माणसाचे मोजमाप नव्हे. अर्ध्या तासाच्या संभाषणात उमेदवाराचे ज्ञान, बोलण्याची पद्धत आणि प्रसंगावधान यांचा काही अंदाज येतो. त्याची चिकाटी, प्रामाणिकपणा आणि वर्षानुवर्षे काम रेटण्याची शक्ती यांचा अंदाज येणे कठीण. शिवाय पहिल्या छापेचा प्रभाव मुलाखत घेणाऱ्यांवरही पडत असतो. मुलाखतीत वशिला आणि गैरप्रकार यांना वाव राहतो, या विचारानेच केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित), गट क आणि गट ड या पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. तथापि अनेक वरिष्ठ पदांवर, तसेच बँका, शिक्षणसंस्था आणि खाजगी उद्योग यांत मुलाखत आजही आहे. यास्तव तिची मर्यादा ओळखूनही तिची तयारी करणे भाग आहे.

त्याच संध्याकाळची वही

निकालाची वाट पाहू नये. मुलाखत झाली त्याच संध्याकाळी उमेदवाराने वही उघडून विचारलेले सर्व प्रश्न क्रमाने लिहावेत, समोर आपण दिलेली उत्तरे जशीच्या तशी लिहावीत. चार दिवसांनी स्मरणशक्ती स्वतःचीच बाजू घेऊ लागते. पुढे मन स्थिरावल्यावर या नोंदींचे तीन भाग करावेत : जे माहीत नव्हते ते, जे माहीत असून सांगता आले नाही ते आणि जे आपल्या हाती नव्हतेच ते.

पहिल्या भागात बहुधा फार दूरच्या गोष्टी नसतात. आपल्या तालुक्यात कोणती पिके होतात, पाण्याची सोय काय आहे, ग्रामपंचायतीला उत्पन्न कशातून मिळते, हे घरच्या अंगणातले प्रश्नच पुष्कळांना अडवतात. अर्जात छंद म्हणून ‘वाचन’ असे लिहिणाऱ्याला अलीकडे वाचलेल्या पुस्तकाचे नाव सांगता येत नाही. अर्जातील प्रत्येक शब्द हा प्रश्नाला दिलेले निमंत्रण असतो, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या भागावर उपाय एकच : मोठ्याने बोलण्याचा सराव. मनात तयार असलेले उत्तर ओठांवर येईपर्यंत विस्कटते. ‘हे मला माहीत नाही’ असे शांतपणे सांगणे हाही सरावाचाच भाग आहे, कारण ठोकून दिलेले उत्तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडे पडते. तिसरा भाग मात्र वाचावा आणि सोडून द्यावा. त्यावर झोप घालविण्यात अर्थ नाही.

शासकीय भरतीत आपल्याला किती गुण मिळाले, हे जाणून घेण्याचा मार्ग खुला आहे. केंद्रीय लोकसेवा आयोग अंतिम निकालानंतर गुण उपलब्ध करून देतो. अन्य सार्वजनिक कार्यालयांत माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करता येतो आणि त्यावर सामान्यतः ३० दिवसांत निर्णय व्हावयास हवा. खाजगी संस्थेकडे असा हक्क नसला, तरी ‘माझ्यात काय उणे वाटले, हे कळविल्यास आभारी होईन’ असे दोन ओळींचे नम्र पत्र पाठविण्यास कोणाची हरकत नसते.

गावाचे आणि कार्यालयाचे कर्तव्य

अपयशानंतरचे काही आठवडे नाजूक असतात. याच काळात ‘अमुक रक्कम द्या, पुढच्या वेळी काम करून देतो’ असे सांगणारे मध्यस्थ घरापर्यंत पोहोचतात. शेताचा तुकडा विकून पैसे देणारी कुटुंबे नोकरी आणि जमीन दोन्ही गमावून बसतात. सरपंच, पंचायत सदस्य आणि पोलीस पाटील यांनी अशा माणसांविषयी गावाला वेळीच सावध केले, तर एखादे घर वाचेल.

शिक्षकांना पुष्कळ करता येईल. शाळेच्या एका खोलीत महिन्यातून दोनदा सायंकाळी सराव-मुलाखती ठेवाव्यात. गावातील निवृत्त कर्मचारी, बँकेचे अधिकारी, ग्रामसेवक यांनी प्रश्न विचारावेत. यास निधी लागत नाही. टेबल, चार खुर्च्या आणि सातत्य पुरे. मुलींना अशा सरावास मुद्दाम बोलवावे, कारण चारचौघांत बोलण्याची संधी त्यांना कमी मिळते आणि एका अपयशानंतर ‘आता पुरे’ असे त्यांनाच लवकर ऐकविले जाते.

निवड समितीवर बसणाऱ्या अधिकाऱ्यांनीही एक गोष्ट विसरू नये. समोरचा उमेदवार कदाचित रात्रभराचा प्रवास करून आलेला असतो. बसण्याची जागा, पिण्याचे पाणी, ठरल्या वेळी सुरुवात, सर्वांना समान निकषांवर प्रश्न आणि निकाल वेळेवर कळविणे या साध्या गोष्टींनी नकारसुद्धा सन्मानाने देता येतो.

एखादा तरुण बोलेनासा झाला, जेवणखाण सोडून कोपऱ्यात बसू लागला किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागला, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास एक खडू लागतो.

मर्यादा आणि दुसरी वाट

प्रयत्नांनाही मर्यादा असावी. नागरी सेवा परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गातील उमेदवारास ३२ वर्षे वयापर्यंत सहा संधी मिळतात. पण नियमाने दिलेली प्रत्येक संधी वापरलीच पाहिजे असे नाही. किती वर्षे द्यावयाची, हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवावे आणि तोवर हाताशी दुसरे काम, शिक्षण किंवा कौशल्य ठेवावे. दुसरी वाट धरणे हा पराभव नव्हे. त्या वाटेवर चांगले काम करणाऱ्यांची समाजाला तितकीच गरज आहे.

डेहराडूनला नववा आलेला तो तरुण वैमानिक झाला नाही. मात्र ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून राष्ट्रपती कलाम यांनी वयाच्या ७४ व्या वर्षी सुखोई-३० या लढाऊ विमानातून उड्डाण केले. प्रत्येकाला असे उड्डाण लाभेलच असे नाही. परंतु परतलेल्या प्रत्येक तरुणाला घरी भाकरी, गावात आदराचा शब्द आणि पुन्हा उभे राहण्यास थोडा अवधी लाभावा, एवढे तरी आजूबाजूच्या माणसांच्या हाती निश्चित आहे.