मुलीची जर्मन भाषेची परीक्षा आणि आपलं घर

आज जर्मन भाषेच्या परीक्षेबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, धानाच्या बांधीत हे जर्मन कुठून आलं? पण आपल्या गटांमध्ये हा विषय निघतो आहे. कुणाची मुलगी जीएनएम झाली, कुणाच्या मुलानं आयटीआय केलं, आणि एजंट सांगून गेला की जर्मनीत जागा आहेत. लगेच गटाचं कर्ज, नाहीतर गळ्यातली पोत. म्हणून पैसे मोजण्याआधी ही परीक्षा काय आहे, ते आईला कळलं पाहिजे.

जर्मनीत काम करणारी माणसं कमी पडताहेत, हे खरं आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करारही केला. पण करार झाला म्हणजे आपल्या मुलीला नोकरी लागली असं नाही. मधे भाषा उभी आहे.

भाषेच्या पायऱ्या अशा: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू. नवऱ्याकडे जाणाऱ्या बायकोला बहुतेक वेळा ए-वन लागते. नवरा ब्लू कार्डवर असेल तर त्यातून सूट आहे, ते आधी विचारून घ्या. नर्सला मात्र तिथं पूर्ण नर्स म्हणून मान्यता हवी तर साधारणपणे बी-टू लागते. तोवर ती मदतनीस म्हणून राबते आणि पगारही तसाच मिळतो. एजंट हे सांगत नाही.

आता हिशेब करू. बी-टू पर्यंत पोहोचायला साधारण ६०० ते ८०० तासिका धरतात, एक तासिका ४५ मिनिटांची. म्हणजे ४५० ते ६०० तास. रोज दोन तास वर्ग धरला, तर एकही सुट्टी न घेता साडेसात ते दहा महिने. घरचा अभ्यास वेगळा. "तीन महिन्यांत बी-टू" असं कुणी म्हणालं, तर रोज किती तास शिकवणार ते विचारा. आणि "परीक्षेला बसायचं काम नाही, सर्टिफिकेट आणून देतो" असं म्हणणाऱ्याला तर घरात चहाही देऊ नका.

परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागतो. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर त्याचं नाव दिसलं पाहिजे. त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. पावती मागायला लाजू नका. गटात आपण दहा रुपयांची नोंद ठेवतो, मग इथं का नाही?

परीक्षेचे चार भाग: वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. गटे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुण्या-मुंबईचं मॅक्स म्युलर भवन, ही परीक्षा घेतं. बी-वनला प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुण लागतात. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो, सगळी परीक्षा नाही. ही गोष्ट रडत घरी आलेल्या मुलीला सांगायला फार उपयोगी आहे.

आपल्या मुलींना इंग्रजीची भीती असते, म्हणून त्या जर्मनलाही घाबरतात. पण मराठी बोलणारीला जर्मनमध्ये काही गोष्टी उलट सोप्या जातात. आपल्याकडे तो, ती, ते आहे, तसं त्यांच्याकडे डेअर, डी, डास आहे. इंग्रजीत हे नाहीच. मात्र आपलं लिंग तिथं लावायचं नाही. पुस्तक दोन्हीकडे "ते", पण सूर्य तिकडे "ती" आहे. आणि मुलगी चक्क "ते", जसं आपण "ते पोर" म्हणतो. म्हणून शब्द पाठ करताना डेअर-डी-डास जोडूनच पाठ करायचा.

आकडे बघा. पंचवीसमध्ये आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. जर्मनही तसंच म्हणतो, पाच-आणि-वीस. बावन्न म्हणजे दोन-आणि-पन्नास. "कारण मी आजारी आहे" हे जर्मनमध्ये "वाइल इश क्रांक बिन", शब्दाला शब्द त्याच क्रमानं, क्रियापद शेवटी. मोठ्यांना तुम्ही आणि जवळच्याला तू, हेही तिथं आहे. आणि त्यांचं झेड हे अक्षर आपल्या चमच्यातल्या "च"सारखं म्हणायचं. इंग्रजी शाळेतल्या मुलांना हे शिकवावं लागतं, आपल्या पोरींच्या जिभेवर ते आहेच.

अडतं कुठं? ऐकण्यात. बी-वनला काही संवाद एकदाच ऐकवतात. त्यासाठी रोज कानावर जर्मन पडलं पाहिजे. डॉइचे वेलेचा "निकोस वेग" हा कोर्स मोबाईलवर फुकट आहे, बी-वनपर्यंत. गटेच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्नपत्रिका फुकट आहेत. भाकरी थापतानाही ऐकता येतं, पण प्रश्नपत्रिका मात्र घड्याळ लावून, दार लावून सोडवायची.

इथं आईचं काम येतं. रोवणीच्या दिवसांत मुलीला बांधीत न्यावंच लागतं, ते मला माहीत आहे. पण ठरलेले दोन तास तिचे, त्यात पाणी भरणं नाही, भावाचा डबा नाही. आणि तिचा मोबाईल त्या वेळी घरात कुणी मागायचा नाही. बोलण्याच्या परीक्षेत समोर दुसरा परीक्षार्थी असतो, दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं, जसं आजारी मैत्रिणीला भेटायला कधी जायचं, काय न्यायचं. हा सराव एकटीला होत नाही. तालुक्यात दोन-तीन मुली शिकत असतील तर त्यांना आठवड्यातून एकदा आपल्या गटाच्या जागेत बसू द्या.

जर्मनीत गेल्यावरही परीक्षा संपत नाही. तिथं राहायला आलेल्यांसाठी ६०० तासिकांचा भाषावर्ग आणि १०० तासिका देशाच्या माहितीच्या असतात. शेवटी स्थलांतरितांची वेगळी भाषा परीक्षा होते. नवऱ्यामागं गेलेल्या बायकांनी हा वर्ग सोडू नये. दवाखान्यात, मुलाच्या शाळेत दरवेळी नवऱ्याला सोबत नेणं परवडत नाही.

परीक्षेचा अर्ज भरताना नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, अक्षर न् अक्षर, माहेरचं-सासरचं सगळं. परीक्षेच्या दिवशी मूळ पासपोर्ट सोबत हवा. पुण्याला केंद्र मिळालं तर आदल्या दिवशीच पोहोचेल अशी गाडी धरा, आणि सोबत कुणीतरी जा.