घरच्या पिकअपचे बॉल जॉइंट बदलताना

आजचा भाग हात काळे करणारा आहे. पिकअपच्या पुढच्या चाकांचे झिजलेले बॉल जॉइंट घरच्या शेडमध्ये बदलता येतात का? बऱ्याच गाड्यांमध्ये येतात. पण या कामात दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे घाई केली तर पैसा नाही, माणूस जातो. म्हणून आज त्या जागांवरच जास्त बोलू.

आधी एक विनंती. हा भाग बसून ऐका, गाडीखाली झोपून नको. खाली जाताना हेडफोन काढून ठेवा. जॅक कुरकुरला, स्टँड सरकला, तर ते डोळ्याआधी कानाला कळतं. पायऱ्या लागतील तेव्हा हे लिहिलेलं उघडून बघा.

तर बॉल जॉइंट म्हणजे काय? शाळेत विज्ञानात उखळीचा सांधा शिकलो होतो, आठवतंय? खांद्याचा. एक गोल गोळा, तो एका वाटीत, आणि हात सगळीकडे फिरतो. गाडीत अगदी तेच. चाक ज्या लोखंडी तुकड्यावर बसतं त्याला नकल म्हणतात. नकल वरच्या आणि खालच्या आर्मला या सांध्यांनी जोडलेलं असतं. त्यामुळे चाक खड्ड्यात खाली-वर होतं आणि स्टिअरिंगबरोबर वळतंही. वाटीत ग्रीस असतं, वर रबरी बूट असतो. बूट फाटला की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस निघून जातं, आणि गोळा वाटीला खात सुटतो.

तो पूर्ण झिजला तर गोळा वाटीतून निसटतो. मग चाक आडवं होतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर बसते. चालत्या गाडीत हे झालं तर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. २००५ साली टोयोटाने अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा, सेकोया अशा साडेसात लाखांहून जास्त गाड्या पुढच्या बॉल जॉइंटसाठी परत बोलावल्या होत्या. मुठीएवढ्या भागासाठी एवढा खटाटोप उगाच होत नाही.

आपल्या गाडीत आहे का?

मोठ्या ट्रकला पुढे पाटे आणि सलग अ‍ॅक्सल असतो. तिथे चाक किंग पिनवर वळतं, हा सांधा तिथे नाही. टाय रॉडच्या टोकाला असतो तो वेगळा, स्टिअरिंगचा. डबल विशबोन सस्पेन्शनच्या पिकअपमध्ये, म्हणजे हायलक्स, डी-मॅक्स अशा गाड्यांत, वरचा आणि खालचा असे दोन्ही बॉल जॉइंट असतात. स्प्रिंग बहुतेक वेळा खालच्या आर्मवर टेकते, म्हणून वजन खालच्या सांध्यावर येतं आणि तो आधी जातो.

खरंच तोच गेलाय का?

खड्ड्यात टक-टक आवाज, सरळ रस्त्यावर गाडी इकडे-तिकडे ओढणं, टायर एकाच कडेला खाल्ला जाणं, ही लक्षणं. पण हीच लक्षणं व्हील बेअरिंगची, टाय रॉडची, आर्मच्या बुशची पण असतात. नुसत्या आवाजावर पार्ट आणू नका.

गाडी सपाट, पक्क्या जागेवर घ्या. मागच्या चाकांना पुढून-मागून ओट लावा, हँडब्रेक ओढा. जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितक्या जवळ जमेल तितका लावा आणि चाक जमिनीपासून थोडं उचला. शेजारी चेसिसखाली स्टँड ठेवाच. जॅक आर्मखाली का? तर चेसिसखाली लावला की स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते, सांधा ताणलेला राहतो आणि त्याचा प्ले कळतच नाही.

आता टायरखाली पहार घालून चाक हळूच वर-खाली करा आणि सांध्याकडे बघा. गोळा वाटीत हलतो का? मग घड्याळातल्या १२ आणि ६ वर हात ठेवून चाक हलवा. प्ले असेल तर कॅबमधल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गायब झाला तर संशय बेअरिंगवर. राहिला तर बॉल जॉइंट किंवा बुश, आणि नक्की कुठे ते बोट लावून बघा. ३ आणि ९ वर हलत असेल तर टाय रॉड एंड तपासा. किती प्ले चालतो ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं.

घरी करायचं की नाही?

हे पार्ट आणण्याआधी ठरवा. बॉल जॉइंट नट-बोल्टने बसवलेला असेल तर घरचं काम. आर्ममध्ये प्रेस करून बसवलेला असेल तर तो हातोड्याने ठोकून बसवू नका. तिरका गेला की आर्मचं भोक मोठं होतं आणि आर्मच बदलावा लागतो. अशा वेळी आर्म सोडवून प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये न्या. काम तुमचं, प्रेस त्यांचा, यात कमीपणा नाही. रिव्हेट मारलेले असतील तर ते ग्राइंड करून काढावे लागतात. काही गाड्यांत आर्म आणि जॉइंट एकत्रच येतात, तिथे पूर्ण आर्म बदला.

आता प्रत्यक्ष काम

चेसिस दोन्ही बाजूंनी स्टँडवर. विटा नकोत, सिमेंटचे ब्लॉकही नकोत. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात. जमीन मऊ असेल तर स्टँडखाली जाड लाकडी फळी घाला. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड गेलाच तर तेवढी जागा जीव वाचवते.

ब्रेकचं कॅलिपर काढलं तर पाइपला लोंबू देऊ नका, तारेने चेसिसला बांधा. एबीएसची वायर असेल तर क्लिपमधून सोडवा.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. खालच्या आर्मखाली जॅक लावा आणि तो आर्मला घट्ट टेकेपर्यंतच उचला. चेसिस स्टँडवरून उचलली जाता कामा नये. स्प्रिंग दाबलेली आहे, तिच्यात प्रचंड ताकद आहे, आणि सांधा सुटला की आर्मला धरणारा हा जॅकच उरतो. काम संपेपर्यंत तो हलवायचा नाही. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल किंवा टॉर्शन बार असेल तर पद्धत बदलते. तिथे मॅन्युअल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कॉटर पिन काढा. नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. सांध्याचा दांडा निमुळता असतो, तो नकलमध्ये गच्च बसतो आणि सुटताना फटकन सुटतो. नट असेल तर सगळं जागेवर थांबतं. सोडवायला बॉल जॉइंट पुलर वापरा. पुलर नसेल तर नकलच्या कानावर, म्हणजे दांडा जिथे बसतो त्याच्या बाजूला, हातोडा मारा. दांड्यावर मारू नका. डोळ्यांना गॉगल हवाच.

सुटला की मग नट काढा, बोल्ट काढा, जुना जॉइंट बाहेर. नकलमधलं निमुळतं भोक पुसून नीट बघा. अंडाकृती झालं असेल किंवा आत चरे पडले असतील तर इथेच थांबा. नवा सांधा त्यात कधीच नीट बसणार नाही, नकल बदलावं लागेल.

बसवताना

निमुळता दांडा आणि भोक दोन्ही कोरडी, स्वच्छ. तिथे ग्रीस लावायचं नाही. बोल्ट आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला टॉर्क पान्याने आवळा. खाचेच्या नटाची खाच कॉटर पिनच्या भोकासमोर आली नाही तर नट पुढे आवळून पुढची खाच जुळवा. मागे सैल करून कधीच नाही. कॉटर पिन नवी. नायलॉनचा लॉक नट असेल तर तोही नवा. ग्रीस निपल असेल तर बूट जरासा फुगेपर्यंतच ग्रीस भरा, फाटेपर्यंत नको.

चाकाचे नट समोरासमोर आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा तपासा. त्याआधी, माल भरण्याच्याही आधी, व्हील अलाइनमेंट करून घ्या. सांधा बदलला की चाकाचा कोन बदलू शकतो, आणि अलाइनमेंटचे पैसे वाचवले तर ते टायरमध्ये जातात.

एका बाजूचा गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही तपासा. रस्ते तेच, वजन तेच, वय तेच.

आणि एकट्याने हे काम करू नका. गाडीखाली हात घालायला नाही, तर नुसतं शेजारी उभं राहायला, फोन हातात घेऊन, कोणीतरी हवं. घरातलं कोणीही चालेल. आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत कोणी टक-टक वाजणारी पिकअप अजून मालासकट पळवत असेल, तर हा भाग आज संध्याकाळीच त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात.