दिवस भरले, पण कळा नाहीत



आज बाळंतपणाविषयी बोलायचं आहे. पुरुषांनीही कान देऊन ऐकावं.

लेकीचे दिवस भरतात, पण कळा येत नाहीत. घरात काळजी सुरू होते. कोणी म्हणतं, एरंडेल पाजा. कोणी सुई टोचणाऱ्याला घरी बोलावतं. अशा वेळी काय करावं?

आधी हिशेब नीट करावा. शेवटची पाळी ज्या दिवशी आली, तो दिवस धरा. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवा. पाळी 1 जानेवारीला आली असेल, तर तारीख 8 ऑक्टोबर येते. हा अंदाज आहे. बाळंतपण थोडं मागे-पुढे होतं. ही तारीख आशाताईंकडून कार्डावर लिहून घ्या. ऊसतोडीला जाताना कार्ड बरोबर न्या.

सोयाबीन हिरवं कापलं तर दाणा भरत नाही. फार दिवस रानात ठेवलं तर शेंग तडकते. बाळंतपणाचंही तसंच आहे. घाई नको, उशीरही नको. दिवस फार उलटले की वार थकते. बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. म्हणून तारखेवर आठवडा गेला की डॉक्टर बहुधा कळा आणायला सांगतात. रक्तदाब किंवा साखर वाढली असेल, तर आधीही सांगतात. तेव्हा नाही म्हणू नका.

घरचे उपाय कसे? चालणं-फिरणं चांगलं. पण त्यानं कळा येतीलच असं नाही. एरंडेलानं जुलाब-उलट्या होतात, बाई गळून जाते. पोट दाबणं तर फार वाईट. त्यानं वार सुटू शकते.

दवाखान्यात काय करतात? गोळी किंवा जेल देतात. फुग्याची रबरी नळी घालून पिशवीचं तोंड हळूहळू उघडतात. कधी पाणमोट फोडतात. सलाईनमधून ऑक्सिटोसिन नावाचं औषध थेंब थेंब देतात. सारखे बाळाचे ठोके बघतात. आधी सिझर झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. काही औषधं तेव्हा चालत नाहीत.

हेच ऑक्सिटोसिन काही गोठ्यांत म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून चोरून टोचतात. घरी बाईला ही सुई देऊ नका. सलाईन बंद करता येतं. टोचलेली सुई परत घेता येते का? कळा फार जोराच्या आल्या तर बाळाचा जीव कोंडतो. पिशवीही फाटू शकते. मग लातूर किंवा नांदेड गाठायला वेळ उरत नाही.

बाळाची हालचाल कमी झाली, पाणी गेलं, रक्त गेलं, झटके आले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तारखेची वाट पाहू नका. लगेच 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, सिझर आणि ने-आण 2011 सालापासून मोफत आहे. लातूरला आणि नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालयं आहेत.

आता तुम्हाला लिहिता येतं. घरात कोणी गरोदर असेल, तर आजच तिची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. त्या एका ओळीनं दोन जीव वाचतील.