लिंकनच्या घड्याळातील कारागिराची अक्षरे

(रात्रीच्या शाळेच्या सभेत दिलेले भाषण)



अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांचे नाव आपणांस नवे नाही. लाकडी झोपडीत जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा स्वतः वाचून शिकला व त्या पदास चढला. त्याचे सोन्याचे खिशातले घड्याळ वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. १९५८ साली त्याच्या पणतूने ते तेथे दिले. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते घड्याळाच्या धन्याविषयी नव्हे, ते दुरुस्त करणाऱ्या हाताविषयी.

१८६१ च्या एप्रिलात हे घड्याळ वॉशिंग्टनमधील एका दुकानी दुरुस्तीस आले होते. जोनाथन डिलन हा आयर्लंडातून आलेला कारागीर त्यावर काम करीत असता बातमी आली की, दक्षिणेच्या बंडखोरांनी सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या. डिलनने तबकडीखालच्या पितळी पत्र्यावर बारीक अक्षरांत आपले नाव, १३ एप्रिल ही तारीख व हल्ल्याची हकीकत कोरली. आपल्यास सरकार आहे याबद्दल देवाचे आभार मानले, आणि तबकडी बसवून टाकली. लिंकनला याचा कधी पत्ता लागला नाही.

पुढे १९०६ साली म्हाताऱ्या डिलनने ही गोष्ट एका वर्तमानपत्रास सांगितली. आपण त्यात ‘गुलामगिरी मेली’ असे कोरले होते, ही त्याची आठवण. १० मार्च २००९ रोजी संग्रहालयाने घड्याळ उघडविले. अक्षरे निघाली, पण गुलामगिरीचा शब्द त्यांत नव्हता!

म्हणून म्हाताऱ्यास कोणी लबाड म्हणू नये. १८६१ साली युद्ध सुरू झाले ते राज्य एक राखण्यासाठी. गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी निघाला, आणि ती दुष्ट चाल देशभर कायद्याने बंद झाली १८६५ त. त्या मुक्ततेच्या गौरवार्थच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील लोकांस अर्पण केले. मागाहून आलेला उजेड म्हाताऱ्याच्या आठवणीत शिरला, इतकेच.

यावरून आम्ही काय घ्यावे? आठवण बदलते, कोरलेले बदलत नाही. आमच्या बापजाद्यांनी विहिरी बांधल्या, वाडे उभारले; दगडावर नाव लागले ते पैसे देणाऱ्याचे. जमीन, कर्ज, मजुरी यांचे व्यवहार तोंडी राहिले, आणि तंटा पडला तेव्हा ज्याच्याजवळ कागद होता त्याचेच खरे ठरले. तेव्हा सुतार-लोहार बंधूंनो, आपल्या कामावर नाव व तारीख घाला. शेतकरी बंधूंनो, देण्याघेण्याची वही घरातच ठेवा. आणि मुलाबरोबर मुलीच्याही हाती लेखणी द्या, म्हणजे ती वही वाचून दाखविण्यास दुसऱ्याच्या दारी जावे लागणार नाही.