न्हाणीघरांतील नवीं उपकरणें

पूर्वीच्या घरांत न्हाणीघराची शोभा हा विचाराचा विषय नव्हता. एक घडीव दगड, कोपऱ्यांत तांब्याचा बंब, घंगाळ, पितळी तांब्या आणि बसावयास पाट, एवढ्या सामग्रीवर तीन पिढ्यांचीं स्नानें होत असत. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी मुंबईस नळानें आलें. पुढें यथावकाश नळ घरोघर शिरला, आणि बंब, घंगाळ हीं माळ्यावर गेलीं. आज न्हाणीघराच्या दुरुस्तीसाठीं दुकानांत जाणाऱ्या गृहस्थास नुसत्या तोटीचेच पन्नास नमुने दाखविण्यांत येतात. दिव्यांच्या झगझगाटांत ते सारेच सुंदर दिसतात. अडचण एवढीच कीं, दुकानांतील त्या तोटीला पाणी जोडलेलें नसतें.

वसईची खाडी आणि पश्चिमेचा समुद्र यांना लागून असलेल्या मीरा-भाईंदर शहरांत हा प्रश्न आतां विशेष निकडीचा झाला आहे. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली व २००२ सालीं महानगरपालिका. त्या काळांत मिठागरांच्या शेजारीं ज्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांतील पुष्कळांना आज तीस-चाळीस वर्षें झालीं आहेत. चार फूट रुंदीच्या न्हाणीघरांतील फरशा सुटल्या, लोखंडी नळ गंजले, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल आली, कीं दुरुस्तीवांचून गत्यंतर उरत नाहीं.

अशाच एका इमारतींत सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारें एक कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. नवरा-बायको दोघेंहि सकाळच्या लोकलनें मुंबईस नोकरीला जाणारीं, दोन मुलें, आणि सत्तरी ओलांडलेली आजी. रविवारीं चौघें दुकानांत जातात. गुडघे दुखतात म्हणून आजी घरीं राहते. सुनेच्या मनांत छतांतून पावसासारखा बरसणारा फवारा भरतो, नातवाला काळ्या रंगाची तोटी हवी असते. नव्या न्हाणीघरांत जिचा जीव खरोखर धोक्यांत असतो, तिला मात्र कोणीं कांहीं विचारलेलें नसतें.

आधीं त्या पावसाळी फवाऱ्याचा विचार करावा. पाण्याचा जोर तोटीच्या किंमतीवर अवलंबून नसून टांकी तिच्यापेक्षां किती उंच आहे यावर अवलंबून असतो. उंचींत दहा मीटरांचें अंतर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलोचा दाब मिळतो. गच्चीवरील टांकी आणि वरच्या मजल्यावरचा फवारा यांत जेमतेम दोन मीटरांचें अंतर असतें. म्हणजे दाब किलोचा पांचवा हिस्सा. एवढ्या जोरावर परातीएवढा फवारा बरसत नाहीं, नुसता ठिबकतो. तोच फवारा तळमजल्यावर उत्तम चालतो. शेजाऱ्याच्या घरीं पाहून वस्तु घेणारा फसतो तो येथेंच. पंप बसवून दाब वाढवितां येतो, पण मग वीज गेली कीं स्नानहि गेलें. शिवाय मिनिटास ९ लिटर सोडणाऱ्या फवाऱ्याखालीं आठ मिनिटें उभें राहिल्यास ७२ लिटर पाणी जातें. बादलींत हेंच काम २० लिटरांत भागतें. या शहराचें पाणी उल्हास नदीवरून शहाड-टेमघर योजनेच्या व औद्योगिक विकास महामंडळाच्या नळांनीं लांबून येतें. सूर्या प्रकल्पाच्या योजनेंत शहरासाठीं दररोज २१८ दशलक्ष लिटरांचा वांटा ठरविलेला आहे. परंतु पाणी कितीहि वाढलें, तरी टांकीची उंची कांहीं वाढत नाहीं. वरच्या मजल्यावर बादलीसाठीं एक दमदार तोटी व जोडीला लहानसा हातफवारा, हीच निवड शहाणपणाची.

भिंतींत दडविलेल्या यंत्रणेचेंहि असेंच आहे. ऊन व थंड पाणी मिसळणारी कळ फरशीआड लपविली म्हणजे भिंत मोठी सुबक दिसते. पण कळ आज ना उद्यां गळावयाचीच. जुन्या तोटींत रबरी वायसर असे. तो झिजला कीं दोन-चार रुपयांत घरींच बदलतां येई. नव्या तोटींत चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात. स्वच्छ पाण्यांत त्या वर्षानुवर्षें टिकतात. टँकरच्या पाण्याबरोबर रेतीचा कण आला, तर मात्र त्यांवर चरा पडतो व सबंध पुंगळीच बदलावी लागते. ती पुंगळी दहा वर्षांनीं बाजारांत मिळेल कीं नाहीं, हें दुकानदाराला आजच विचारावें. कळ भिंतीबाहेर असेल तर हें काम अर्ध्या तासाचें; भिंतींत असेल तर फरशी फोडण्याचें. तोटी हातांत तोलूनहि पाहावी. पितळेची तोटी वजनदार लागते. हलक्या जस्तमिश्रित धातूवर मुलामा चढविलेली तोटी खाडीच्या खाऱ्या हवेंत लवकर फुगते.

शौचकूप निवडतांना आधीं गज घेऊन माप काढावें, मग दुकानांत जावें. भांड्याची वाट भिंतींत निघते कीं जमिनींत, आणि जमिनींत निघत असल्यास भिंतीपासून किती इंचांवर, हें इमारतीनें पूर्वींच ठरविलेलें असतें. तें माप न घेतां आणलेलें भांडें एक तर परत जातें, किंवा त्याच्यासाठीं जमीन फोडली जाते. पाण्याचा हिशेबहि मोठा आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेंत माणशीं दररोज १३५ लिटर पाणी धरलें आहे, व त्यांपैकीं ४५ लिटर केवळ शौचकूप धुण्यासाठीं. जुनी टांकी एका वेळीं दहा लिटर ओतीत असेल आणि पांच माणसें दिवसाकांठीं पंचवीस वेळां ती वापरीत असतील, तर २५० लिटर गेले. तीन व सहा लिटरांच्या दोन कळांची नवी टांकी नीट वापरल्यास हेंच काम शंभर लिटरांच्या आंत होतें. मात्र जुन्या भांड्यावर नवी टांकी बसवूं नये. दहा लिटरांसाठीं घडविलेलें भांडें तीन लिटरांत धुतलें जात नाहीं. दोन्ही एकदमच घ्यावीं.

जमिनींतील जाळीखालीं जें भांडें बसवितात, त्यास अभियंत्यांच्या इंग्रजी पुस्तकांतहि ‘नहाणी ट्रॅप’च म्हणतात; न्हाणीनें इंग्रजीस दिलेला हा एक शब्द गमतीचा खरा. त्यांत निदान दोन इंच पाणी सदैव उभें राहिलें पाहिजे, नाहीं तर दुर्गंधी व झुरळें वर येतात. कोबा घालून जलरोधक थर दिल्यावर, फरशी बसविण्यापूर्वीं, न्हाणीघरांत दोन दिवस पाणी कोंडून ठेवावें व खालच्या बिऱ्हाडांत जाऊन छत पाहावें. सहकारी गृहसंस्थांतील किती तरी वैरें या दोन दिवसांच्या कंटाळ्यांतून जन्मास आलेलीं असतात.

गॅसवर चालणारा बंब बंद न्हाणीघरांत कदापि बसवूं नये. त्यांतून उत्पन्न होणाऱ्या विषारी वायूला रंग नाहीं, वास नाहीं. स्नानास गेलेला माणूस बेशुद्ध पडतो व दार आंतून लावलेलें असतें. विजेचा बंब असेल तर जमिनीस जोडणारी तार आणि धक्का बसतांच प्रवाह तोडणारें बटण, दोन्ही हवींच.

इतकें झाल्यावर त्या आजीकडे वळावें. एके रात्रीं मुलगा सहज विचारतो, “आई, तुला काय हवें त्यांत?” आणि ती म्हणते, “मला काय रे? उठतांना हाताला धरायला कांहीं तरी असूं दे म्हणजे झालें.” आजवर ती पंचा टाकण्याच्या दांडीला धरून उठत आलेली असते, हें त्याला तेव्हां प्रथम कळतें. ती दांडी पंचाचें ओझें पेलण्यापुरतीच. ती निखळली तर माणूस खालीं, आणि या वयांत मोडलेलें खुब्याचें हाड पुष्कळांना अंथरुणावरून पुन्हां उठूं देत नाहीं. म्हणून आधाराची दांडी निराळीच घ्यावी: मुठींत नीट मावेल अशी दीड इंच जाडीची, भिंतीपासून दीड-दोन इंच सुटी, ३०४ जातीच्या पोलादाची. भाईंदर हें स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांचें गांव. तेथील जाणत्यास २०२ व ३०४ यांतला भेद ठाऊक असतो. लोहचुंबकानें मात्र तो कळत नाहीं, कारण चुंबक दोहोंसहि चिकटत नाहीं. पहिल्या जातीला खाऱ्या हवेंत लवकर तांबेरा चढतो, एवढेंच. रबरी वाटीनें चिकटणाऱ्या दांड्या घेऊंच नयेत. दांडीचे खिळे फरशीपार जाऊन विटेंत घट्ट रुतले पाहिजेत. मागें पोकळी असल्याचा आवाज आला, तर ती जागा आधीं भरून घ्यावी. आसनाची उंचीहि पाहावी. नेहमींचें भांडें सुमारें सोळा इंच उंच असतें. दुखऱ्या गुडघ्यांना अठरा इंचांवरून उठणें पुष्कळ सोपें जातें. फरशी खडबडीत अंगाची असावी, आणि दाराची कडी बाहेरूनहि उघडतां येईल अशी.

दांडी किती उंचीवर बसवावी, हें कारागीर आपल्या संवयीनें ठरवितो. तें त्याच्यावर सोडूं नये. भांडें बसल्यावर आजीला त्यावर एकदां बसवावें, उठावयास सांगावें, आणि उठतांना तिचा हात आपोआप भिंतीवर जेथें टेकेल, तेथें खडूनें खूण करून मग भोंक पाडावें.