नवऱ्याच्या खुर्चीवर बसलेली बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला एकीने आपल्या आवडत्या पुस्तकाविषयी चार शब्द बोलायचे, अशी आपल्याकडे पद्धत आहे. यंदा अध्यक्षबाईंनी माझे नाव घेतले तेव्हा मला घामच फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्यातून मी ज्या पुस्तकांविषयी बोलणार ती आहेत इंग्रजी. ती मी वाचलेली नाहीत, ऐकलेली आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नावे ठेवायला नकोत.

त्याचे असे झाले. माझी लेक कॉलेजात जाते. तिला रद्दीच्या दुकानातून जुनी पुस्तके आणण्याचा भारी नाद. एकदा तिने अशीच एक खुनाची कादंबरी आणली. मी मेथी निवडत होते. ती वाचता वाचता मध्येच म्हणाली, "आई, यात एक विधवा बाई पोलीसप्रमुख होते गं. तिला नऊ वर्षांची मुलगी आहे." मी म्हटले, "मग मोठ्याने सांग की!" तेव्हापासून आमचा हा क्रम सुरू झाला. ती एक प्रकरण वाचणार आणि मला मराठीत सांगणार. भाजी निवडून व्हायची, पण माझा हात काही हलत नसे.

या पुस्तकांच्या लेखिका जे. ए. जॅन्स. अमेरिकेत ॲरिझोना नावाचे राज्य आहे, त्याच्या अगदी दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला लागून कोचीस नावाचा जिल्हा आहे. बिस्बी हे त्याचे मुख्य गाव. पूर्वी तिथे तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या, त्या १९७५ च्या सुमारास बंद पडल्या. जिल्हा आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडा मोठाच, पण माणसे सारी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. बाकी सगळे डोंगर, वाळवंट आणि गुरांची कुरणे. लेखिका याच बिस्बीत लहानाच्या मोठ्या झाल्या, म्हणून त्यांना तिथला दगड न् दगड माहीत.

शेरीफ म्हणजे काय ते सांगायला हवे. मुंबईच्या शेरीफचे नाव आपण ऐकलेले असते, पण ते पद नुसते मानाचे. तिकडचा शेरीफ हा लोकांनी मते देऊन निवडलेला जिल्ह्याचा पोलीसप्रमुख. तुरुंग त्याच्या ताब्यात, कोर्टाचे कागद बजावणे त्याच्याकडे, आणि शहराबाहेर कुठे प्रेत सापडले तर रात्री दोन वाजता फोनही त्यालाच.

आता गोष्ट. पहिले पुस्तक १९९३ साली निघाले. जोआना ब्रेडी ही विम्याच्या कचेरीत काम करणारी साधी बाई. नवरा अँडी शेरीफच्या हाताखाली डेप्युटी आहे, आणि त्या वर्षी स्वतःच शेरीफच्या निवडणुकीला उभा आहे. त्यांच्या लग्नाला दहा वर्षे झाली, त्या संध्याकाळी दोघे बाहेर जेवायला जायचे ठरलेले. ती तयार होऊन बसली आहे आणि हा येतच नाही. आधी राग, मग काळजी. हे आपल्याला काय नवीन आहे? शेवटी ती स्वतः गाडी घेऊन शोधायला निघते, आणि घराजवळच तो गोळी लागून पडलेला तिला सापडतो. पुढे इस्पितळात तो जातो.

पण खरे दुःख पुढेच आहे. लोक म्हणू लागतात, त्याने स्वतःच गोळी मारून घेतली असणार. नशेच्या मालाची चोरटी ने-आण करणाऱ्यांशी त्याचे लागेबांधे होते, अशीही कुजबूज. म्हणजे माणूस गेला तो गेलाच, वर त्याचे नावही गेले. जोआनाला रडायलाही सवड नाही. ती छडा लावायला निघते तो नोकरीसाठी नव्हे, शौर्यासाठीही नव्हे. मुलीने शाळेत वर मान करून जावे, एवढ्यासाठी. खुनी कोण ते मी सांगणार नाही, तेवढी मजा तुमच्यासाठी ठेवते. अखेरीस लोकच तिला म्हणतात की अँडीच्या जागी तूच उभी राहा. ती उभी राहते आणि निवडून येते.

इथे आपल्याकडच्या सिनेमात बाईच्या हातात बंदूक देऊन पडदा पाडतात. जॅन्सबाईंचे तसे नाही. निवडून आली तरी जोआनाला काम कुठे येते? खात्यातले जुने पुरुष तोंडावर काही बोलत नाहीत, पण ही कधी घसरून पडते याची वाट पाहतात. ही मतांनी नाही, नवऱ्याच्या सरणावर चढून खुर्चीत आली, असा त्यांच्या नजरेत भाव. मग ती काय करते? चक्क शाळेत जाते. तिसऱ्या पुस्तकात ती मुलीला मागे ठेवून परगावी पोलिसांच्या प्रशिक्षणाला जाते, आणि तिथे नव्या पोरांच्या बरोबरीने बसून शिकते. मला ही गोष्ट फार आवडली. पद आधी मिळाले, लायकी तिने मागाहून मेहनतीने मिळवली, आणि हे लपवलेही नाही.

घरचे चित्र तर मला आपल्याच आळीतले वाटले. जोआनाची आई एलिनोर सतत टोमणे मारणारी. हे काय बाईमाणसाचे काम, हा काय अवतार, मुलीकडे लक्ष कोण देणार. आणि सासू-सासरे? सासूचे नाव इव्हा लू, सासऱ्यांचे जिम बॉब. एकुलता मुलगा गेलेला, पण ती दोघे सुनेच्या पाठीशी भिंतीसारखी उभी राहतात. जेनीला ते सांभाळतात, म्हणून तर ही कामावर जाऊ शकते. पुढे जोआना दुसरे लग्न करते, तिला मुलगा होतो, तरी हे नाते तुटत नाही. लेकीने हे सांगितले तेव्हा मी विचारले, "असे सासू-सासरे तिकडे खरेच असतात?" ती म्हणाली, "आई, ती गोष्ट आहे." पण माझ्या मनातून ते जाईना.

एक दोष मात्र आहे. सव्वा लाख वस्तीच्या जिल्ह्यात इतके खून! मालिका वीस पुस्तकांवर गेली आहे. आमचे 'हे' म्हणाले, त्या गावात राहायला जाण्यापेक्षा आपली गल्ली बरी. त्यांचे खोटे नाही.

मला वाटले, नवऱ्यामागून बायको शेरीफ होते, ही लेखिकेची कल्पना असेल. लेकीने मोबाईलवर शोधून सांगितले की असे खरोखर घडलेले आहे. इंडियाना राज्यात लेक कौंटी म्हणून जिल्हा आहे. तिथला शेरीफ रॉय हॉली १९३३ च्या जानेवारीत गोळी लागून मेला आणि त्याची बायको लिलियन हॉली हिला त्या जागी बसवले. ती जुळ्या मुलींची आई. पुढच्याच वर्षी तिच्या तुरुंगात डिलिंजर नावाचा नामांकित दरोडेखोर आणून ठेवला. ३ मार्च १९३४ रोजी तो पळाला. लाकडाचे खोटे पिस्तूल दाखवून पळाला असे म्हणतात. आणि पळाला कशातून, तर खुद्द शेरीफबाईंच्या मोटारीतून! पहारेकरी पुरुष होते, पण वर्तमानपत्रांनी थट्टा केली ती बाईची. ती पुढे १०३ वर्षे जगून १९९४ साली वारली. इतक्या आयुष्यात लोकांनी तिला विचारले असेल ते त्या एका दिवसाविषयीच, असे मला वाटते.

दुसरी फ्लॉरेन्स थॉम्सन, केंटकी राज्यातली. १९३६ च्या एप्रिलमध्ये नवरा वारला, पदरात चार मुले, आणि तिला शेरीफ नेमले. त्याच ऑगस्टमध्ये एका कैद्याला जाहीर फाशी द्यायची वेळ आली आणि ते काम कायद्याने तिच्याकडे. बाई फाशी देणार म्हणून देशभरचे बातमीदार आणि हजारो माणसे जत्रेसारखी जमली. तिने कळ स्वतः ओढली नाही, दुसऱ्याला ओढू दिली. ती अमेरिकेतली शेवटची जाहीर फाशी. त्या रात्री घरी जाऊन तिने मुलांना काय सांगितले असेल?

लेखिकेविषयीही थोडे सांगते. १९६४ साली विद्यापीठात त्यांना लेखनाच्या वर्गात बसायचे होते, तर प्राध्यापकांनी सांगितले की मुलींनी शिक्षिका व्हावे नाहीतर नर्स. त्यांच्या नवऱ्याला मात्र त्याच वर्गात घेतले! तो पुढे दारूपायी वयाच्या ४२ व्या वर्षी गेला, त्याच्या दीड वर्ष आधी त्यांनी घटस्फोट घेतला होता. दोन मुले सांभाळत त्या विमा विकायच्या आणि पहाटे चारपासून सातपर्यंत लिहायच्या, कारण सातला मुलांना शाळेसाठी उठवायचे. पहाटे चार हे मला पटले. घर आपले असते ते तेवढ्याच वेळात. त्यांचे पहिले पुस्तक १९८५ साली आले, ते सिॲटलमधल्या एका पुरुष पोलिसाचे. जोआना पुढे आठ वर्षांनी आली.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला जड जाते आहे. पण ज्यांच्याविषयी आहे त्यांची परवानगी घेतली आहे.

माझे थोरले दीर जाऊन नऊ वर्षे झाली. ते नोकरीत असताना गेले, म्हणून जाऊबाईंना अनुकंपेवर त्यांच्याच कचेरीत घेतले. दोन मुले, दहावीपर्यंत शिक्षण, कचेरीची पायरी कधी चढलेली नाही. पहिल्या पगाराची त्यांनी एक निळी साडी घेतली. तेव्हा मी स्वयंपाकघरात काय म्हटले ते मला शब्दन् शब्द आठवते. मी म्हटले, "भाऊजी गेले आणि ह्यांना पंख फुटले. नवऱ्याच्या खुर्चीवर बसून मिरवतात." सासूबाईंनी ऐकले आणि त्या काही बोलल्या नाहीत. जाऊबाईंनीही ऐकले. त्या संक्रांतीला हळदीकुंकवाचे तबक घेऊन मी ओळीने बायकांपुढे गेले आणि त्यांच्यापुढून तशीच पुढे सरकले. सगळ्याच तसे करत, पण तबक माझ्या हातात होते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपण याच सभागृहात टाळ्या वाजवल्या. वाजवणाऱ्यांत मीही होते.

जोआनाच्या कचेरीतले पुरुष लेक मला सांगू लागली तेव्हा मला त्यांचा राग आला. दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना लक्षात आले की त्यांच्यात मीच उभी आहे. एलिनोरमध्येही मीच.

एका रविवारी जाऊबाई सहज आल्या होत्या. मी लेकीला म्हटले, ताईंना पहिल्यापासून सांग. जोआना अँडीच्या पदासाठी उभी राहते तिथपर्यंत आले. जाऊबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला पहिल्या दिवशी ह्यांच्याच टेबलाशी बसवलं. खणात ह्यांचा चष्म्याचा डबा होता. तीन महिने मी तो उघडला नाही. कुणी जवळ आलं की खण लावून घ्यायची."

आम्ही एका आवारात राहतो. आमच्या दोन दारांत तुळशीवृंदावनाचे अंतर आहे. हे मला नऊ वर्षे माहीत नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. मी त्यांना म्हटले, "ताई, तेव्हा मी जे बोलले..." त्या म्हणाल्या, "ऐकलं होतं मी." आणि मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "पुढं काय झालं गं त्या बाईचं?"

त्यांनी मला क्षमा केली की नाही, ते मला ठाऊक नाही. या संक्रांतीला मी त्यांना कुंकू लावले, वाण दिले, त्यांनी घेतले. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि अंगावर तीच निळी साडी आहे. आता कोपरांशी विरली आहे.

आमचे चौथे पुस्तक अर्ध्यावर आले आहे. रविवारी दुपारी तीन वाजता आमच्या पडवीत बसतो. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी यावे, फक्त निवडायची भाजी आपापली आणावी. माझे बोलणे लांबले, चहा थंड होतो आहे.